डावीकडे कललेले रिव्हेट

“...पण चाचा, आत ठोकळा धरायला बसवलं तरी कुणाला होतं? एकही रिव्हेट सरळ नाही. सगळे डावीकडे कललेत.”

बाबालाल मिस्त्री बिडी विझवत होते. 

शर्वरी इंजिनिअर होती. शिरोलीच्या या शेडमध्ये तिने वडिलांची गाडी आणली होती. बाबालालनीच चाळीस वर्षांपूर्वी जुन्या ट्रकच्या चासीवर ते अ‍ॅल्युमिनियमचं फिरतं घर उभं केलं होतं. वडील वर्षातले आठ महिने त्यातून हिंडत. शर्वरी त्यांची वाट बघतच मोठी झाली.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. तिने गाडीतला प्रत्येक कप्पा शोधला. एक चिठ्ठी नाही, फोटो नाही. त्यांचं म्हणावं असं काहीच नाही.

मग निदान गाडी तरी निर्दोष करायची, असं तिने ठरवलं.

पत्र्यात रिव्हेट, म्हणजे जोडखिळा, बसवायला दोघं लागतात. एक जण बाहेरून हातोडा मारतो, दुसरा आत बसून लोखंडी ठोकळा टेकवून धरतो. ठोकळा तिरका, तर रिव्हेट तिरका. चार दिवसांत शर्वरीने तिन्ही बाजूंचे रिव्हेट ड्रिलने उडवले होते. मागच्या खिडकीवरची बारा रिव्हेटची ओळ तेवढी उरली होती.

“त्या माणसाला कुणी शिकवलं नव्हतं का?”

“शिकवलं की. ऐकायचा नाही. घर माझंय, आत मीच बसणार, म्हणायचा.”

शर्वरीने ड्रिल खाली ठेवलं.

बाबालालनी बाजूला पडलेला ठोकळा उजव्या हाताने उचलून डाव्या हातात घेतला. पत्र्याला टेकवला. तो जरासा कलला.

घरात एकच माणूस डावखुरा होता. जेवताना आजी त्याच्या हातावर चापट मारायची...

पायाशी ड्रिलचा चुरा पडला होता. शर्वरी खाली बसली. बराच वेळ तिने तो चुरा बोटांनी गोळा केला.

“चार दिवस बघत होता, चाचा. सांगितलं का नाही?”

“तू विचारत कुठं होतीस? तू चुका काढत होतीस.”

“ही ओळ राहू दे.”

“गळतीय ती. पहिल्या पावसात आतलं सगळं कुजंल.” त्यांनी ठोकळा तिच्यापुढे धरला. “बस आत.”

ती आत गेली. मिस्त्रींनी जुना रिव्हेट काढून नवा घातला. ठोकळ्याला डावा हात लावावा की उजवा, तिला कळेना. शेवटी तिने दोन्ही लावले.

पहिला ठोका पत्र्यातून थेट तळहातात आला. दुसरा. तिसरा.

“चाचा,” आतून तिचा आवाज आला, “बाबा इथे बसून काय बोलायचे?”

हातोडा थांबला...

“बोलणं कुठलं ऐकू येतंय, पोरी. पलीकडनं कुणी धरलंय, एवढंच हातोड्याला कळतं.”