बगळ्याच्या रुमालाची गाठ

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, की सोमवारचं वाण पिशवीत घालून द्यायचं नाही, कापडात बांधूनच द्यायचं. पहिल्याच सोमवारी गाठ इतकी आवळली, की शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "वाण दिलंत की कोडं घातलंत?" तेव्हा मला जी गोष्ट आठवली, ती तुम्हाला सांगते.

फार फार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे, जपान नावाच्या बेटांच्या देशात, दोन जावा राहत होत्या. थोरली डोंगरावर, धाकटी किनाऱ्यावर. त्या देशात भेटवस्तू सुंदर रुमालात बांधून देतात. त्याला फुरोशिकी म्हणतात. कागद फाटतो, रुमाल पुन्हा पुन्हा कामी येतो.

सासूबाईंनी शेवटच्या आजारात दोघींना मिळून एकच रुमाल दिला. निळा, त्यावर पांढरा बगळा. म्हणाल्या, "एकीनं खाऊ बांधून पाठवायचा, दुसरीनं रुमाल रिकामा परत धाडायचा नाही. हा फिरता राहिला, तर तुम्ही एकमेकींच्या राहाल गं."

एकदा थोरलीकडून आलेले लाडू फार कडक निघाले. रुमालाची ने-आण करणाऱ्या कोळणीजवळ धाकटी थट्टेनं बोलून गेली, "थोरल्या बाईंच्या लाडवानं खिडकी फुटेल हो!" कोळीण डोंगरावर मासळी विकायला गेली आणि मासळीबरोबर हेही पोचवून आली.

थोरलीचं डोकं फिरलं. तिनं तसलेच लाडू वळले, रुमालात घातले, आणि पाय लावून निरगाठ मारली. एकावर एक, तीन.

"ने," ती कोळणीला म्हणाली. "कापू दे तिला. रुमाल संपला की नातंही संपलं."

कोळणीकडून थोरलीचे शब्द ऐकून धाकटीनं रुमाल मांडीवर घेतला. मग केसांतला आकडा काढून एकेक पीळ उकलू लागली. ऊन डोक्यावर आलं. नवरा भुकेनं कावला.

"अगं, काप की! सुरी कशाला ठेवलीय घरात?"

"कापलं की चिंधी होईल. मग माफी काय चिंधीत बांधून पाठवू?"

"आणि जेवण?"

"आत लाडू आहेत. सुटू तर द्या!"

दिवस कलताना गाठ सुटली. लाडू खरंच दगड होते! दोघांनी ते पेजेत भिजवून, हसत हसत, एकूण एक संपवले. धाकटीनं रुमालात पिकलेली आलुबुखारं भरली, वर सशाच्या कानांसारखी सुरगाठ मारली आणि निरोप धाडला, "जीभ माझी घसरली. लाडू सगळे खाल्ले म्हणावं. खिडकी शाबूत आहे."

थोरलीला वाटलं होतं, आता चिंध्याच येतील. तिनं एक टोक ओढलं मात्र, रुमाल सर्रकन उघडला. एक धागा तुटलेला नव्हता. बगळ्याची मान तेवढी चुरगळली होती.

"सबंध दिवस बसली असेल हो ही!" तिला हसू फुटलं, डोळेही भरले. रुमाल कोळणीकडे न देता ती स्वतःच डोंगर उतरली. पुढच्या खेपेचे लाडू म्हणे मऊ झाले होते.

तात्पर्य: राग आला तरी गाठ अशी मारावी, जी समोरच्याला न कापता सोडवता येईल.

बायांनो, बाळांनो, एवढं माझं ऐका. येत्या सणाला फराळ पिशवीत कोंबू नका. कपाटातलं एखादं चांगलं चौकोनी कापड काढा, त्यात बांधून पाठवा, आणि गाठ हलक्या हातानं मारा.