कान चिरून घ्यायला आलेला

मला गोष्टी सांगायची हौस नाही. मठात टेकलो की कुणीतरी म्हणतंच, "आबा, ती कानाची सांगा." घ्या, सांगतो. मधे बोलायचं नाही.

"...मग माझे कान कधी चिरणार, महाराज?"

हणमंता धोंगडेनं परत तेच विचारलं.

मंगळनाथ महाराज मठाच्या अंगणात धुनीपाशी बसले होते. दोन्ही कानांत जाड कुंडलं. गुरूनं कान चिरून अशी कुंडलं घातली, की माणूस पुरा नाथ झाला. हणमंताला तीच हवी होती. वर्षभर धुनी राखली, एकदाही विझू दिली नाही, हे तो आल्यागेल्याला ऐकवायचा.

मांडीवर त्याची लेक होती, छबू. चार वर्षांची. आई बाळंतपणाला माहेरी गेलेली. पोरीचा एक कान फुटला होता. पू मानेपर्यंत ओघळलेला.

"छबू, महाराजांच्या पाया पड."

पोर धुनीकडंच बघत राहिली.

"छबे!"

ढिम्म.

हणमंतानं कानाखाली ठेवून दिली. ती पण फुटक्याच बाजूला. पोर अशी किंचाळली, की पिंपळावरचे कावळे उडाले.

"का मारलंस?"

"ऐकत नाही, महाराज. आईनं लाडावून ठेवलीय. घसा फोडावा तेव्हा एकदा वळून बघणार."

"कानाला काय करतोस?"

"रोज लसणाचं तेल ओततो की. कोमट."

"डॉक्टरला दाखवलास?"

हणमंता फिस्सकन हसला.

"नेली होती तालुक्याला. बत्ती मारून बघितलं त्यानं. म्हणतो कसा, हा कान बाहेरून नाही बिघडला, आतून बिघडलाय. नाकाच्या मागनं कानात एक नळी जाते म्हणे. लहान पोरांची आखूड, आडवी. सर्दी झाली की तुंबते, आत पू धरतो, पडदा फाटतो. आता बोला! दुखणं कानाचं, आणि हा नाकात शिरतोय. वर मलाच दम देतो, तेलाचा थेंब घालायचा नाही म्हणून."

"औषध?"

"दिलं ना. दोन दिवसांत कान सुकला. बाटली ठेवली फळीवर."

"आणखी काय म्हणाला?"

"आणखी काय, अक्कल शिकवली. पोरीला धुरात बसवू नका. धुरानं कान परत परत फुटतो. असंच चाललं तर ऐकू येणं कमी होत जाईल." हणमंतानं एक ओंडका आत सारला. "मी तोंडावर सांगितलं, डॉक्टरसाहेब, तुमच्या चुलीचा धूर वेगळा, नाथांच्या धुनीचा वेगळा."



वारा फिरला. धूर पोरीच्या तोंडावर आला. पोर खोकली, नाक बाहीला पुसलं.

मंगळनाथ उठले. कोपऱ्यातली भरली घागर उचलली आणि धुनीवर पालथी केली.

फस्स...

राखेचा चिखल झाला.

"महाराज!" हणमंतानं कपाळ बडवून घेतलं. "तुमच्या गुरूच्या गुरूनं पेटवलेली धुनी! मी वर्षभर जपली! वेड लागलं का तुम्हाला?"

"मी आत्ता ऐकलं. आत्ता विझवली." मंगळनाथांचा आवाज थरथरत होता, रागानं. "तू कधी ऐकलंस?"

"...मागच्या महिन्यात."

"आणि महिनाभर पोरीला इथंच घेऊन बसलास. माझ्या डोळ्यांसमोर."

"पण महाराज, माझे कान..."

"चिरायला आधी कान लागतो, गाढवा."

 पोर मांडीवरून उतरून कडेच्या चिखलात बोट घालून रेघा ओढायला लागली.

"उचल तिला. तालुक्याची गाडी सापडेल अजून. डॉक्टरनं झिडकारलं तरी पाय धर."

हणमंतानं पोरीला खांद्यावर घेतलं. दारापर्यंत गेला आणि परत फिरला. 

"नाथ कोपतील, महाराज. एवढी मोठी धुनी... आधी नाथांची माफी मागू का?"

मंगळनाथांनी त्याच्या खांद्यावरच्या पोरीकडं बघितलं.

"नाथांची मी मागतो, त्यांना मनातलं ऐकू येतं. तू हिची माग. मोठ्यानं."