डोळे बांधून दवणा

नाकाच्या बाबतीत आमच्या गावाचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही. अर्धं गाव तपकीर ओढतं, तेवढं सोडा.

इथल्या बापूसाहेब जाचकांनी दवण्यावर वाढीचं हार्मोन आणि समुद्री शेवाळाचा अर्क असा काही फवारून घेतला, की वीतभर रोपं महिन्याभरात कमरेला लागली. बापूसाहेब ती जीपमधूनच बघत. पण त्या शेतात माशी फिरकेना, पाखरू बसेना. तेल काढणाऱ्या हौसाक्कानं तो दवणा भट्टीत घ्यायला साफ नकार दिला.

"याला दवण्याचा वासच नाही."

"भट्टी माझ्या जागेत आहे," बापूसाहेब गरजले. "सिद्ध कर, नाहीतर उद्या भट्टी उचल!"

"मग डोळे बांधा, आणि नाकानं तुमचा दवणा शोधून दाखवा."

बापूसाहेबांनी ऐटीत उपरणं डोळ्यांवर बांधलं. जमलेल्या गावानं त्यांना शेत आणि भट्टी यांच्यामधल्या बांधावर आंधळ्या कोशिंबिरीसारखं तीनदा गरगर फिरवून सोडलं. चार पावलांत कमरेला काहीतरी गार, ओलसर घासू लागलं. भोवती ना माशी गुणगुणे, ना पाखरू बोले. समुद्र शंभर कोसांवर, आणि इथे मासळीसारखी खारट हवा! त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला, पाय आपोआप पळू लागले. तेवढ्यात दवण्याचा गोड दरवळ आला आणि जिवात जीव आला.

"हा माझा दवणा!" म्हणत त्यांनी उपरणं ओढलं. ते भट्टीमागच्या आक्काच्या दवण्याच्या वाफ्यात उभे होते.

"मग मघाशी कमरेला लागत होतं, ते काय होतं गं?"

"तेच तुमचं शेत, बापूसाहेब. धन्यानं ज्याला ओळखलं नाही, त्याला माझ्या भट्टीनं कसं ओळखायचं?"