मुंगी, कुबट वास आणि बंद काच

एक होती मुंगी. केवढीशी? तिळाएवढी! ती राहायची भाऊआजोबांच्या जुन्या गाडीत. मागच्या सीटखाली घर. घरात आई.

मुंग्या घर कसं शोधतात, ठाऊक आहे? हुंगून हुंगून! एकदा मुंगी निघाली साखरेचा कण आणायला. तुरुतुरु गेली. कण उचलला. मागे वळली. हुंगलं, हुं हुं. शीऽऽ! गाडीभर नुसता कुबट वास. आईचा वास कुठेच नाही! मुंगीला रडूच कोसळलं.

"वासा, वासा, जा ना रे! मला आई सापडेना."

"मी नाही जात! गाडीतला ओला गालिचा सुकला, तर जाईन."

मुंगी गेली गालिच्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"गालिच्या, गालिच्या, सुक ना रे! वास जाईना, मला आई सापडेना."

"मी नाही सुकत! वारा आला, तर सुकेन."

मुंगी फटीतून बाहेर पडली. गेली वाऱ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वाऱ्या, वाऱ्या, आत ये ना रे! गालिचा सुकेना, वास जाईना, मला आई सापडेना."

"मी नाही येत! फटीत मावायला मी काय मुंगी आहे? काच उतरली, तर येईन."

मुंगी गेली काचेकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काचे, काचे, उतर ना गं! वारा येईना, गालिचा सुकेना, वास जाईना, मला आई सापडेना."

"मी नाही उतरत! आजोबांनी हँडल फिरवलं, तर उतरेन."

मुंगी गेली आजोबांकडे. आजोबा पायरीवर बसले होते. एकटेच.

"आजोबा, आजोबा, हँडल फिरवा ना! काच उतरेना, वारा येईना, गालिचा सुकेना, वास जाईना, मला आई सापडेना."

"नाही गं बाय, नाही फिरवणार." आजोबांचा आवाज अगदी बारीक झाला. "आमची आजी त्या गाडीत बसायची. केसांत सुरंगीची फुलं माळायची. आता आजी नाही. तिच्या फुलांचा वास तेवढा गाडीत आहे. काच उतरली, की तोही जाईल."

"पण आजोबा, आत तर नुसता कुबट वास आहे!"

आजोबा उठले. दार उघडलं. कर्रर्र! हुंगलं. खरंच की! आजीच्या फुलांचा वास नव्हताच. आजोबा रडले. टप टप, टप टप.

"जपायला म्हणून बंद केली गं गाडी. आणि मीच घालवला वास."

मुंगी हळूच म्हणाली, "आजोबा, मला आई सापडेना."

आजोबांनी डोळे पुसले. "तुझी आई आहे ना आत? मग सापडलीच पाहिजे!"

आजोबांनी हँडल फिरवलं. कुईं कुईं! काच उतरली. वारा आला. सूंऽऽ सूंऽऽ! गालिचा सुकला. कुबट वास गेला. मुंगीने हुंगलं, हुं हुं. आईऽऽ!

"कुठे होतीस गं, बाळे?" आईने मुंगीला कुशीत घेतलं. दोघींनी साखर खाल्ली. अर्धी अर्धी.

मग दोघींनी सीटखालून काहीतरी ओढत आणलं. हैय्या! हैय्या! काय होतं? सुरंगीचं एक वाळकं फूल. आजोबांनी हुंगलं. नाही. पुन्हा हुंगलं. आला! थोडासा, अगदी थोडासा वास आला.

आजी काही परत आली नाही. फूल आजोबांच्या खिशात राहिलं. आणि गाडीची काच उघडी राहिली.