राजेसाहेबांची स्वस्तातली रायफल

आईशपथ, गोष्ट खरी आहे. म्हणजे मी तिथं नव्हतो, पण सांगणारा होता म्हणे.

एका राजेसाहेबांना वाघासाठी आपोआप भरणारी रायफल हवी होती, तीही दीडशे रुपयांत. "नाही आणलीस तर उद्यापासून घरी बस," त्यांनी लखमा शिकाऱ्याला बजावलं.

लखमा साधी बंदूक घेऊन दरबारात आला.

"गाढवा, हिच्यात एकच गोळी बसते!"

"आपण एकच मारा, सरकार. दुसरी वीस वर्षं माझ्या मचाणावरून आपोआपच सुटतेय. वाघ तिनंच पडतो."

भिंतीवरच्या अकरा वाघांकडे बघत सरकारांनी हळूच विचारलं, "सगळे?"

"नाही सरकार. एक आधीच मेलेला होता."

लोक लखमाकडे देव दिसल्यासारखे बघत राहिले. नोकरी टिकली, वर गप्प बसायचा पगार वेगळा.

आता मीही गप्प बसतो. चहाचे तेवढे तुम्ही द्या.