विणकराची टाच

एकदा एक पैठणी विणणारा कारागीर भाच्याच्या हळदीत नाचत असताना अचानक थांबला. मागून कोणीतरी लाथ मारली असे वाटून त्याने वळून पाहिले, तर मागे कोणीच नव्हते. पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी त्याची टाचेमागची जाड शीर तुटली होती.

दुसऱ्या दिवशी त्याला तालुक्याच्या गावी एका वृद्ध शल्यविशारदांकडे आणले. त्यांच्या हाताखाली एक शिष्य शिकत होता. हुशार, हाताने सफाईदार, आणि शस्त्रक्रियेचे नाव काढताच ज्याचा चेहरा उजळे, असा.

विणकर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, टाके घालून जोडाच. याच पायानं मी मागाची पावडी दाबतो. पाय गेला तर माग बंद. आणि तुटलेला धागा काही आपणहून जुळत नाही, गाठ मारावीच लागते."

वृद्धांनी त्याला पाय मांडीवर घेऊन बसायला सांगितले आणि त्याचेच बोट टाचेच्या वर ठेवले. बोट खळग्यात गेले. मग त्यांनी त्याचा पंजा हळूच खाली वळवला, तसा खळगा बुजत आला.

"रेशीम निर्जीव असतं, ही शीर जिवंत आहे," ते म्हणाले. "टोकं अशी जवळ ठेवली आणि हलू दिली नाहीत, तर ती सांधते. टाके घातले तर पुन्हा तुटण्याचा धोका थोडा कमी. पण इथली कातडी पातळ असते, जखम चिघळू शकते. साखरेचा आजार आहे का तुम्हाला?"

"दहा वर्षं झाली. मागे टाचेला भेग पडली, ती भरायला दोन महिने लागले."

मग विणकराने विचारले, "तुमचा पाय असता तर काय केलं असतं?"

"शस्त्रक्रिया."

"मग माझीही करा."

"निर्णय तुमचा. पण मला विचाराल तर तुम्ही प्लास्टर घ्यावं."

विणकर गोंधळला. त्याने बायकोकडे पाहिले, पुन्हा एकदा खळगा चाचपला, आणि शेवटी प्लास्टरला होकार दिला. पंजा खाली वळवून प्लास्टर घातले गेले.

तो गेल्यावर शिष्याला राहवले नाही. "सर, स्वतःच्या पायाला एक न्याय आणि रुग्णाच्या पायाला दुसरा? मला हे पटलं नाही."

वृद्ध हसले. "त्यानं माझ्या पायाचं विचारलं, मी माझ्या पायाचं सांगितलं. मला साखर नाही. शिवाय मी एका जागी बसणारा माणूस नव्हे. आठव्या दिवशी मी प्लास्टरसकट वॉर्डात फिरलो असतो. न कापता बरं व्हायचं तर पथ्य रुग्णालाच रोज पाळावं लागतं, ते माझ्याच्यानं झालं नसतं. हा माणूस एका साडीपुढे वर्षभर बसतो. शीर दोघांची सारखीच, पण ती ज्याच्या अंगात आहे तो माणूस निराळा. आपण फक्त शीर पाहिली असती, तर त्याची जखम चिघळल्यावर आपल्याला साखर आठवली असती."

शिष्याला अजूनही वाटत होते, की टाके घातले असते तर आपण निर्धास्त असतो.

प्लास्टर निघाले, मग उंच टाचेचा बूट आला, टाच थोडी थोडी उतरत गेली, व्यायाम सुरू झाले. पाचव्या महिन्यात विणकर तपासणीला आला. पोटरी जरा बारीक झाली होती, पण टेबलाला हात लावून तो त्या एका पायाच्या चवड्यावर उभा राहिला. दोन दिवसांपूर्वी त्याने मागावर बसून पहिल्यांदा पावडी दाबली होती.

शिष्याने विचारले, "एवढ्या दिवसांत एकदाही पाय टेकून पाहावासा वाटला नाही?"

"रोज वाटलं," विणकर म्हणाला. "पण घाईनं ओढलेली एक तार पुढचं हातभर कापड बिघडवते. हे मला कुणी शिकवायला नको."

तो गेल्यावर शिष्याने त्याचा केसपेपर पुढे ओढला. 'व्यवसाय' या रकान्यात पहिल्या दिवशी त्याने नुसती रेघ मारून ठेवली होती. ती खोडून त्याने तिथे 'विणकर' असे लिहिले.