चौथं सील

आंबोलीच्या घाटाखाली, दाणोलीत, एक होता इनासमेस्त्री, एक होता त्याचा चेला उदय राऊळ, आणि दोघांच्या मधे होती बाबल गावड्याची मोटार, पोट उघडं टाकून बसलेली.

"मेस्त्री, सील नवं, तेल नवं, हात माझा. मग गळतंय कुठून?"

इनासमेस्त्री विडी विझवत होता.

आता सील म्हणजे काय, तर इंजिनातून फिरता दांडा जिथे बाहेर येतो तिथे बसवलेली रबराची बांगडी. आतलं तेल आत ठेवायचं, एवढंच तिचं काम. ते तिने सोडलं की तेल क्लचवर उतरतं, आणि गाडी घाटाच्या दुसऱ्याच वळणावर मान टाकते. उदयने एका महिन्यात अशा तीन बांगड्या चढवल्या होत्या. पहिली साधी, दुसरी भारी, तिसरी खास पुण्याहून मागवलेली. मेकॅनिकच्या कोर्सात पहिला आलेला मुलगा तो! तिन्ही वेळा गाडी घाटातून घरंगळत परत आली.

बाबल बिचारा खाली मान घालून बसायचा. बोलायची ती त्याची बायको, शालन.

"काय रे उदय, तुमच्या कोर्सात गाडी दुरुस्त करायला शिकवतात की तेलाने न्हाऊ घालायला? शनिवारी भंगारवाला येतोय बघायला. आमची चूल ह्या गाडीवर पेटते, ठाऊक आहे ना?"

उदयचे कान लाल झाले. "चौथं बसवतो, वहिनी. विलायती आणलंय."

"सील झिजतं, खरं ना?" मेस्त्रीने मधेच विचारलं.

"रबर ते. झिजणारच."

"आणि दांडा?"

उदयला हसू आलं. "मेस्त्री, पोलाद आहे ते! रबर काय पोलाद खाणार?"

"बघितलंस?"

"त्यात बघायचं काय..."

मेस्त्रीने रॉकेलचा बोळा घेऊन दांड्याचं टोक लख्ख पुसलं. मग उदयचं बोट धरलं, आणि लहान पोराला पाटीवर गिरवायला लावतात तसं त्याचं नख दांड्यावरून सावकाश ओढलं.

नख सरकत गेलं... आणि अडकलं.

उदयने हात काढून घेतला. पुन्हा आपणहून लावला. पुन्हा अडकलं. दांड्याभोवती गोल, केसाएवढी चरी. डोळ्याला दिसत नव्हती.

"हे... हे रबराने केलं?"

"चौदा वर्षं लागली त्याला."

उदयने मनाशी हिशेब केला. तिन्ही वेळा त्याने सील अगदी तळाला ठोकलं होतं. म्हणजे दर खेपेला रबराची कड नेमकी त्या चरीवर, आणि तेल तिथूनच बाहेर!

"मग दांडाच गेला म्हणायचा. म्हणजे इंजिनच गेलं... वहिनी, माझ्याने नाही होणार."

शालनने पदर तोंडाला लावला.

मेस्त्रीने चौथं सील उदयच्या हातात ठेवलं. "बसव."

"पण..."

"बसव रे मेल्या."

उदय ठोकू लागला. सील अर्धं गेलं, आणखी गेलं. शेवटचा ठोका उरला, आणि मेस्त्रीने त्याचं मनगट धरलं.

"पुरे."

"अजून पुरतं बसलं नाही, मेस्त्री! अर्धं सूत बाहेर आहे."

मेस्त्रीने मनगट सोडलं नाही.

उदयने वाकून बघितलं. कड आता चरीवर नव्हती. तिच्या शेजारी, कोऱ्या पोलादावर होती.

शुक्रवारी बाबल घाट चढला, उतरला, परत चढला. शालनने रात्रभर गाडीखाली पांढरं फडकं अंथरून ठेवलं. सकाळी उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, एक डाग नव्हता, आणि त्यानेच डोळे पुसले.

शनिवारी भंगारवाला आला तेव्हा गाडीत सात माणसं बसली होती. त्याची परतीची एसटी चुकली, म्हणून आठवा तोच झाला. तेव्हापासून गावड्यांच्या चुलीला खंड पडला नाही. दोन वर्षांत दारात दुसरी गाडीसुद्धा उभी राहिली.

उदय मात्र त्या शनिवारी गाडीची धूळ दिसेनाशी होईपर्यंत बघत उभा होता.

"मेस्त्री, ह्या नव्या जागीही चरी पडेल ना?"

"पडेल."

"मग?"

"चरी पडायला गाडी चालावी लागते, बाबा."